तिसऱ्या विटेवर

मे महिन्यात लग्नाची भाडी सोडून
मी बेसबॉलच्या पोरी नेतो.
क्रूझरात नऊ बसतात म्हणे.
आमच्यात चौदा, टपावर बॅटा,
आणि पाण्याचा एक जार,
तो मांडीवर घ्यायची पाळी ठरलेली.

तस्लीम मॅडमची अट एकच:
ज्या गावात मॅच, तिथलं जुनं काहीतरी
ऊन चढायच्या आत बघायचं.
"पाच टक्क्यांच्या कागदासाठी आल्यात सगळ्या.
कागदावर गाव येतं का?"

तर तेरला आम्ही तरंगणारी वीट बघितली.
म्हणजे तरंगताना नाही.
पोरींनी जार पुढं केला,
पहारेकरी म्हणाला, सरकारी वीट हाय बाई.
दुपारी मैदानात बेस नव्हते,
भट्टीवरच्या चार विटा आणून मांडल्या.
त्या बुडणाऱ्या. मी बादलीत टाकून बघितल्या.
तरी गाडीत घेतल्या, पुढच्या गावाला लागतील म्हणून.

कंधारला दगडी पाऊल.
अंगठ्यावर एक पोरगी आरामात बसेल एवढं.
बाकीचा देव कुठं गेला, कुणी धड सांगेना.
सुलक्षणा गित्ते भोवती फिरली,
टाच बघितली, वाकून बोटं बघितली,
म्हणाली, "मॅडम, ह्याचं वजन मागच्या पायावर हाय.
लांब मारणारा असणार."

खेळ कळायला मला दोन उन्हाळे लागले.
घरातनं निघायचं, तीन ठिकाणी थांबायचं,
आणि परत घरी पोचलं तरच एक धाव.
मधे कितीही पळा, हिशोबात धरत नाहीत.
भाड्याचंही असंच असतंय,
पण ते मी कुणाला बोललो नाही.

औशाला फायनल.
सकाळी किल्ला. तोफेला हात लावला तर चटका,
तोफेच्या तोंडात बदाम काढून
कुणी अश्विनीचं नाव लिहिलेलं.
आमच्यातल्या अश्विनीनं ते ओढणीनं पुसायला घेतलं,
निघालं नाही.

मैदान खंदकाला लागून.
शेवटचा डाव, बरोबरी,
मेहजबीन तिसऱ्या विटेवर.
सुलक्षणानं असा काही हाणला
की चेंडू रेषेच्या बाहेरनं, बाभळीवरनं, थेट खंदकात.
फाऊल. आणि चेंडू तेवढाच उरलेला.

दोन्ही टीम खाली उतरल्या. पंच उतरला.
गारेगारवाला गाडी सोडून उतरला.
वर फक्त मेहजबीन,
मॅडम म्हणाल्या होत्या, "हिलना नहीं."
अर्धा तास. सावली तिच्या मागनं लांबत
पिचरच्या जागेपर्यंत गेली.

सुलक्षणा वर आली, हातात दगडाचा गोळा.
गुळगुळीत, मुठीत मावणारा, काळा.
"हा चालंल का, सर?"
पंचानं तो हातात तोलला,
थोडा वेळ खरंच विचार केला.

मग नाणं उडवलं. आम्ही हरलो.
औशाच्या पोरी कप घेऊन टमटममधनं गेल्या,
हलगी लांबपर्यंत ऐकू येत होती.
मॅडम म्हणाल्या, "गोळा जिथनं आणला, तिथं ठेवून ये."
माझी बॅटरी घेऊन सुलक्षणा अंधारात उतरली.
आली ती चेंडू घेऊन.

कुणी काही बोललं नाही.
मेहजबीन चपला घालून जार भरत होती,
तिनं जार खाली ठेवला,
चपला काढल्या,
जाऊन विटेवर उभी राहिली.

मी गाडी वळवून हेडलाईट लावले.
मॅडमनी स्वतः चेंडू टाकला, साडीचा पदर खोचून.
सुलक्षणाचा फटका कुठं गेला ते दिसलं नाही,
उजेडात फक्त धूळ,
आणि धुळीतनं पळत येणारी मेहजबीन.
समोर दुसरी टीमच नाही,
तरी ती घसरत आली, गुडघा फोडून घेतला.

मग गाडी चालू होईना. लाईट फार वेळ लावले होते.
चौदा पोरींनी मागनं धक्का दिला
किल्ल्याच्या कडेकडेनं, लातूर रोडला लागेपर्यंत.
विटा तिथंच राहिल्या.
त्या आठवल्या मला थेट मुरुडला आल्यावर.